दोरावरची जागा

थोरल्याचा बाप फोनवर तीन वाक्यांपलीकडे कधी गेला नाही, आणि त्यातलं तिसरं नेहमी 'ठेवतो' हे असायचं. वादळी महिने सरत आले होते, मासेमारीला समुद्र उघडायला आठवडाभर राहिला होता, तेव्हा एका सकाळी त्याचा फोन आला. "पहिल्या ओढीच्या आत येऊन जा. बोलायचं आहे. ठेवतो."

थोरला तेव्हा शहरात एका उंच इमारतीच्या डोक्यावर, लिफ्टच्या यंत्रापाशी, कोपरापर्यंत ग्रीसमध्ये माखून बसला होता. हात पुसत पुसत तो तिथेच पाण्याच्या टाकीला टेकला. बाप काय बोलणार हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मागच्या हंगामात जाळं ओढताना बापाचा उजवा खांदा निखळला. डॉक्टरने बसवला, पण पूर्वीसारखा काही झाला नाही. म्हणजे दोरावरची जागा रिकामी, आणि घरात मुलगा एकच. यात न कळण्यासारखं काय होतं?

बायकोला सांगितलं तेव्हा ती कपडे वाळत घालत होती, ती घालतच राहिली. जाऊन ये म्हणाली, आईवडील आहेत, बोलावल्यावर गेलंच पाहिजे. फक्त एक गोष्ट तिने तोंडातला चिमटा काढून सांगितली.

"तिथे जाऊन 'बघू' म्हणू नकोस. तुमच्याकडे 'बघू' म्हणजे 'हो' धरतात."

तिचं काही चुकलं नव्हतं. थोरल्याला जन्मात कुणाच्या तोंडावर नाही म्हणता आलं नाही. लग्न ठरवतानाही तो 'बघू'च म्हणाला होता. ते चांगलं निघालं हे त्याचं नशीब. पण या खेपेला नाही म्हणायलाच हवं होतं. शहरात त्याचं बस्तान बसलं होतं, पोरगी शाळेत रमली होती, आणि खरं सांगायचं तर लिफ्टचं काम त्याला मनापासून आवडायचं. बंद पडलेली लिफ्ट हलली की आतली माणसं सुटल्यासारखी हसतात, ते बघून त्याचा दिवस चांगला जायचा. समुद्राने असं सुख त्याला कधी दिलं नव्हतं. वाक्य त्याने गाडीतच घोटून ठेवलं: 'बाबा, मला जमणार नाही.' चार शब्द. रात्रभराच्या प्रवासात ते त्याने इतक्यांदा घोळवले की शेजारचा माणूस उठून दुसरीकडे जाऊन बसला.

सकाळी उतरला तर हवा तीच, ओल्या फडक्यासारखी. पन्नास पावलं चालला नाही तोच सदरा पाठीला चिकटला. गल्लीत दोन्ही बाजूंना जाळी टांगलेली, त्यांच्याखाली बसून माणसं जाळ्यांचे फाटलेले डोळे गाठी मारून सांधत होती आणि वर न बघताच विचारत होती, "लिफ्टवाला आला काय?" घराच्या पत्र्याला यंदा नवा रंग होता. बाकी ओसरी तीच, माठ तोच, नारळाच्या झाडाखालचा धुण्याचा दगडही तोच.

बाप ओसरीवर बसला होता आणि आई त्याच्या सदऱ्याची बटणं लावत होती. थोरला दिसताच बापाने तिचा हात बाजूला केला आणि वरची दोन बटणं उघडीच ठेवली. थोरल्याने ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवून पाया पडला. धाकटी बहीण पाण्याची कळशी घेऊन आली. लग्न करणार नाही असं घरात सांगून मोकळी झालेली, तिशीकडे झुकलेली, एरवी तोंडाचा पट्टा सोडला की ऐकणाऱ्याला जेवण विसरायला लावणारी. तिने भावाला पाहिलं, "आलास?" म्हणाली आणि कळशी घेऊन आत गेली. उन्हाने ती पार काळवंडली होती. घरचं काम सगळं हिच्यावरच पडलं असणार, असं थोरल्याच्या मनात आलं आणि त्याला वाईट वाटलं.

त्या दिवशी बापाने तीनदा घसा खाकरला. पहिल्यांदा पत्र्याच्या रंगाबद्दल बोलला, दुसऱ्यांदा नारळांबद्दल. तिसऱ्यांदा, दिवेलागणीला, म्हणाला, "उद्या दोर भिजवून ताणणार आहेत. सगळे आपापल्या जागेवर उभे राहतील."

आता इथे दोराचं थोडं सांगायला हवं. होडी जाळं घेऊन पाण्यात अर्धा वळसा मारते, जाळ्याच्या दोन्ही टोकांचे दोर वाळूवर येतात आणि दोन्हीकडे माणसं रांगेने उभी राहून ते ओढतात. दोरावर एकेका घराची एकेक जागा. थोरल्याच्या घराची डाव्या दोरावर, पाण्याकडून तिसरी. ज्या घराचं माणूस जागेवर, त्या घराला मासळीचा वाटा. हंगामाच्या पहिल्या ओढीला जागा रिकामी दिसली की ती दुसऱ्याला जायची, आणि ही जागा घ्यायला बर्फवाल्याचा पुतण्या केव्हाचा टपून बसला होता. बर्फवाल्याकडे बर्फाचा कारखाना होता, टेम्पो होते, दोरावर जागा तेवढी नव्हती.

बाप एवढंच बोलून गप्प राहिला. थोरल्याने विचार केला, म्हातारा संकोचतोय. मग त्याला एक युक्ती सुचली, आणि सगळा घोटाळा तिथेच झाला. त्याने ठरवलं की आलोय तोवर अंग मोडून ओढायचं. एकही सकाळ चुकवायची नाही. म्हणजे शेवटी नाही म्हटलं तरी पोराने जीव तोडून केलं एवढं तरी बापाच्या मनात राहील.

"येतो की मी," तो म्हणाला.

बापाने त्याच्याकडे पाहिलं, मान हलवली आणि पुन्हा काही खाकरला नाही. आत भांडं घासण्याचा आवाज थांबला आणि मग परत सुरू झाला.

पहाटे थोरल्याने खिळ्यावरचा कमरपट्टा काढला. जुन्या शिडाच्या कापडाचा, चार बोटं रुंद, घामाने काळा पडलेला. तो कमरेला कसायचा, त्याची आखूड दोरी मोठ्या दोरात अडकवायची आणि सगळं अंग मागे टाकून ओढायचं. थोरल्याने पट्टा कमरेला लावला तर तो पुरेना. नीट पाहिलं तेव्हा कळलं, जुन्या भोकांच्या बऱ्याच आत कुणीतरी नवं भोक पाडलं होतं आणि बक्कल त्यात होती. बाप एवढा वाळला? थोरल्याने बक्कल जुन्या भोकात आणली आणि डोळे पुसत वाळूवर गेला.

वाळूवर माणसं जमली होती. ढोल्या त्याला कडकडून भेटला. ढोल्या लहानपणी नावाप्रमाणे होता, आता काठीवर सदरा टांगावा तसा झाला होता, पण नाव काही सुटलं नव्हतं. दोरावर त्याची जागा चौथी, म्हणजे थोरल्याच्या लगेच मागे. तो काही बोलणार तेवढ्यात धाकटी वाळू तुडवत आली. थोरल्याला वाटलं, बरी आली. त्याने मनगटावरचं घड्याळ काढलं, खिशातला मोबाइल काढला, चपला काढल्या आणि सगळं तिच्या हातात दिलं.

"धर गं जरा. पाण्यात पडतील."

धाकटीने धरलं. थोडा वेळ ती तशीच उभी राहिली, भावाचं घड्याळ एका हातात आणि चपला दुसऱ्या हातात. मग गेली. ढोल्याने तोंड उघडलं होतं ते मिटलं.

दोर ताणायला लागले. रांगेच्या शेवटी दोन खांब पुरलेले, दोरांची टोकं त्यांना बांधलेली, तिकडून ओढ यायची, आणि इकडे सगळ्यांनी टाचा वाळूत रुतवून ती पेलायची. लिफ्टच्या तारा ओढणारा माणूस आपण, हे कितीसं अवघड, असं थोरल्याला वाटलं होतं. ते पहिल्या हाकेपर्यंत टिकलं. दुसऱ्या हाकेला काथ्याने तळहात सोलला. तिसऱ्या हाकेला त्याचं पाऊल सैल पडलेल्या वेटोळ्यात गेलं, आणि म्होरक्या, म्हणजे सगळ्या दोरांवर ज्याची हाक चालते तो म्हातारा, लांबून ओरडला.

"ए लिफ्टवाल्या, पाय काढ दोरातून! वर नाही नेणार तो तुला, समुद्रात नेईल."

पार पलीकडच्या दोरापर्यंत हशा पिकला. थोरला पण हसला. हसण्याशिवाय करणार काय? पुढे दोन वेळा तसंच झालं, आणि तिसऱ्या वेळी कुणी हसलं नाही, ते त्याला जास्त लागलं.

रोज सकाळी हेच चाललं. दोर ताणून झाले, मग जाळी दोरांना जोडायची, मग जाळ्याच्या खालच्या काठाला बुडीदं, म्हणजे तो बुडवणारी वजनं, बांधायची, मग किनाऱ्यालगत छोट्या रिकाम्या ओढी. थोरल्याच्या तळहातांवर फोड आले, फुटले, त्यांवर खारं पाणी बसलं. जेवताना घास धरवेना तेव्हा आईने चमचा पुढे केला, तो त्याने नको म्हटला आणि डाव्या हाताने जेवला. बाप शेजारीच डाव्या हाताने जेवत होता. कुणी कुणाकडे बघितलं नाही.

एक गोष्ट त्याला उलगडत नव्हती. रोज पहाटे पट्ट्याची बक्कल पुन्हा त्या आतल्या भोकात असायची. तो रोज ती बाहेरच्या भोकात आणायचा, आणि दुसऱ्या दिवशी ती परत आत. म्हातारा संध्याकाळी कुणी नसताना पट्टा लावून बघत असेल, आपल्याला जमतंय का म्हणून. दुसरं काय असणार? या विचाराने थोरल्याचे ते घोटलेले चार शब्द आणखी खोल गेले.

दुपारी भेटीगाठी. ज्या घरी जाईल तिथे बसायला पाट, प्यायला पाणी आणि मग एक विचित्र शांतता. आत्याच्या घरी तर कमालच झाली. आत्या म्हणजे बापाची मोठी बहीण, जे मनात येईल ते तोंडात आणणारी. तिने त्याचे सोललेले हात उलटेपालटे करून पाहिले आणि म्हणाली की बरं केलंस आलास ते, ज्याची जागा त्याने धरलेली शोभते, पोरीबाळींनी किती दिवस... आईने तिला असं काही पाहिलं की आत्याला एकदम चुलीवर काहीतरी आठवलं. थोरल्याला वाटलं ती घरकामाबद्दल बोलत होती. परत येताना तो आईला म्हणालासुद्धा, की धाकटीच्या मदतीला एखादी बाई ठेवू, पैसे मी पाठवीन. आई नुसती चालत राहिली.

पहिल्या ओढीला दोन दिवस उरले तेव्हा ढोल्याने त्याला गाठला. दोघे उलट्या घातलेल्या होडीच्या सावलीत बसून फळ्यांच्या फटींत कापूस ठासत होते. बोलता बोलता शाळेतल्या गोष्टी निघाल्या, गुरुजींची छत्री होडीत लपवली होती ती निघाली, दोघे पोट धरून हसले. थोरल्याला आल्यापासून पहिल्यांदा बरं वाटलं. मग ढोल्याने हातातली पटाशी खाली ठेवली.

"मग? जागेचं काय ठरवलंस?"

आता हा क्षण होता. ढोल्या जिवाभावाचा दोस्त. त्याच्याशी बोलून टाकायला काय हरकत होती? थोरल्याने श्वास घेतला, आणि त्याच्या तोंडून आलं ते हेच.

"बघू."

ढोल्याने पटाशी उचलली. मग त्याने फटीत इतका कापूस ठासला की फळी कुरकुरली. संध्याकाळपर्यंत थोरल्याचं 'बघू' गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचलं होतं, आणि त्याचा अर्थ काय, हे कुणाला विचारायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी पहाटे थोरल्याने पट्टा काढला आणि जागच्या जागी थिजला. बक्कल बाहेरच्या भोकात होती. त्याच्या मापाच्या. एवढंच नाही, रोज सुटून लोंबणारी कड कुणीतरी नव्या दोऱ्याने शिवून पक्की केली होती. म्हणजे घराने ठरवून टाकलं. आपल्याला न विचारता आपलं आयुष्य शिवून खिळ्याला टांगलं. त्या सकाळी त्याने काय ओढलं, कसं ओढलं, त्याला काही आठवत नव्हतं. धाकटीही कुठे दिसली नाही. आईला विचारलं तर ती म्हणाली, कामाला गेली आहे, आणि वळून चूल फुंकायला लागली, जी चांगली पेटलेली होती.

उन्हं उतरल्यावर बापाने त्याला दोरांच्या खोपीत बोलावलं. कुडाच्या भिंती, आत अंधार, आणि ओल्या काथ्याचा वास. बाप वेटोळ्यावर बसला होता. निखळलेला हात त्याने मांडीवर ठेवला होता, दुसऱ्याचं पोर सांभाळायला घेतल्यासारखा. थोरला समोर बसला. आता मात्र बोलायचंच, असं त्याने स्वतःला बजावलं.

"मी आधी बोलतो," बाप म्हणाला. "जागा तुझी आहे. आज्यापासून चालत आलेली, तुझ्या हक्काची. मी नाही म्हणत नाही."

"बाबा, मी..."

"थांब. मी फोन केला तेव्हा माझ्या मनात दुसरं होतं. पण तू आलास आणि पहिल्याच दिवशी जाऊन उभा राहिलास. रोज ओढलंस. हात सोलून घेतलेस. सगळ्यांनी बघितलं. मग मी कुठल्या तोंडाने बोलू?" बापाचा आवाज फाटला. "पोरीला मी शब्द दिला होता रे. तो आता परत घ्यावा लागणार."

थोरल्याचे चार शब्द जिभेवर आलेले तिथेच थांबले.

"पोरीला कसला शब्द?"

बाप बोलायला लागला, आणि आयुष्यभराचं न बोललेलं एकदम बोलल्यासारखा बोलला. खांदा निखळला तो हंगामाच्या मध्यावर. दुसऱ्या दिवशी जागा रिकामी राहणार होती. धाकटी काही न विचारता पट्टा बांधून जाऊन उभी राहिली. माणसं कुरकुरली, बाईमाणूस दोरावर कसं, म्हणाली. म्होरक्या म्हणाला, आजच्या दिवस राहू दे. तो आजचा दिवस हंगाम संपेपर्यंत चालला. तिने एकही ओढ चुकवली नाही. ताप असताना आली, पाऊस अंगावर घेऊन आली. पट्टा तिला सैल व्हायचा म्हणून खिळा तापवून नवं भोक पाडलं. हंगाम संपल्यावर म्होरक्याने सांगितलं की बाई चांगली ओढते, माझं काही म्हणणं नाही. पण जागा मुलाची आहे, त्याने स्वतः येऊन पहिल्या ओढीच्या दिवशी चारचौघांत सोडली तर ती तिची. नाहीतर उद्या भांडण नको.

"त्यासाठी तुला बोलावलं," बाप म्हणाला. "ही गोष्ट फोनवर कशी मागायची? म्हटलं समोर बसवून मागू. तर तू मागण्याआधीच जाऊन जागा धरलीस. आणि काल ढोल्याला 'बघू' म्हणालास. रात्री तिने स्वतःच्या हाताने पट्टा तुझ्या मापाचा करून ठेवला. आज सकाळी बर्फवाल्याकडे मासळी निवडायचं काम मागायला गेली. तो म्हणाला ये, पण हातमोजे घरून आण."

मग थोरल्याच्या छातीतून एक आवाज निघाला. बाप घाबरला, पोरगा रडतोय असं वाटून त्याने चांगला हात पुढे केला. पण थोरला हसत होता. डोळ्यांतून पाणी येत होतं, नाक वाहत होतं, आणि तो हसत होता.

"बाबा, मला जमणार नाही," तो म्हणाला. "आठवडाभर एवढंच घोकतोय. मला वाटलं तुम्ही मला राहा म्हणणार. मला इथे नाही राहायचं बाबा. मला लिफ्टचं काम आवडतं. मी तर भीतीने ओढत होतो."

बापाने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं.

"मग नीट तरी ओढायचंस," तो शेवटी म्हणाला. "रोज पाय दोरात."

आणि बापाचा जीव असा भांड्यात पडला की तो वेटोळ्यावर मागे रेलला, आणि खांद्याची कळ विसरून त्याने दोन्ही हात डोक्याखाली घ्यायला पाहिले. उजवा अर्ध्यावर अडकला तेव्हा दोघे पुन्हा हसले.

धाकटी धुण्याच्या दगडावर बसून एक जुना हातमोजा शिवत होती. आईचा कुठलातरी, भांडी घासायचा. थोरला तिच्यासमोर उकिडवा बसला. त्याने आधी पट्टा तिच्या मांडीवर ठेवला. तिने तो बाजूला सारला.

"नाटकं नकोत," ती म्हणाली. "कड शिवून दिली आहे. आणखी काय हवं?"

त्याने सगळं सांगितलं. खालचा दगड बघत, अडखळत, फोनपासून खोपीपर्यंत. तिची सुई थांबली.

"अगं, मला तू एकदा सांगायचंस."

"काय सांगू? तुझी जागा, तू येऊन उभा राहिलास. मी तुला ढकलून देऊ?" तिने दोरा दाताने तोडला. "आणि वर माझ्या हातात घड्याळ दिलंस."

"मला वाटलं तू चहा घेऊन आलीस."

"चहा कुठे होता माझ्या हातात?"

धाकटीने हातमोजा त्याच्या अंगावर फेकला, मग तिचा चेहरा वेडावाकडा झाला आणि तिने तोंड पदरात लपवलं. ती रडत होती ते त्याला दिसत होतं, आणि ती रडतेय याचं त्याला इतकं बरं वाटत होतं की त्याची त्यालाच लाज वाटली. थोड्या वेळाने तिने नाक पुसलं, पट्टा ओढून घेतला, शिवलेली कड उसवली आणि बक्कल आतल्या भोकात नेली. मग तोंडाचा पट्टाही सुटला. आठवडाभर साठलेलं सगळं तिने त्याला ऐकवलं: तू कसा उभा राहतोस, कमरेतून न ओढता हाताने कसा ओढतोस, ढोल्याला तुझं वजन कसं ओढावं लागतं. आईने दारातून जेवायला हाक मारली, ती दोघांनाही ऐकू गेली नाही.

पहिल्या ओढीच्या सकाळी सगळा किनारा भरला होता. ऊन अजून कोवळं होतं, पाणी सपाट. म्हातारी माणसं होड्यांच्या सावलीला टेकून बसली होती. त्यांच्यात आज बाप होता, सदऱ्याची सगळी बटणं लावलेला. बर्फवालाही आला होता, पुतण्याला घेऊन, टेम्पोला टेकून. म्होरक्याने एकेका जागेवर नजर फिरवली आणि तिसऱ्या जागेशी आला. तिथे थोरला उभा होता आणि बाजूला धाकटी.

"बोल," म्होरक्या म्हणाला.

एवढ्या माणसांसमोर थोरला जन्मात बोलला नव्हता. त्याने ढोल्याकडे पाहिलं, ढोल्या डोळे मोठे करून त्याच्याकडे बघत होता, आता 'बघू' म्हणालास तर बघ, अशा अर्थाने.

"जागा तिची," थोरला म्हणाला.

"मोठ्याने. उजव्या दोराला ऐकू गेलं नाही."

"जागा धाकटीची! मी सोडली."

उजव्या दोरावर कुणीतरी काहीतरी पुटपुटलं. म्होरक्याने नुसतं तिकडे पाहिलं, तेवढं पुरलं. बर्फवाला टेम्पोत बसला, पण टेम्पो सुरू केला नाही. मासळी किती निघते ते त्याला बघायचं होतंच. धाकटीने पट्टा कमरेला कसला. बक्कल आतल्या भोकात बसली. मग तिने पायांतल्या चपला काढल्या, कमरेला खोचलेला मोबाइल काढला आणि सगळं भावाच्या हातात दिलं.

"धर रे जरा," ती म्हणाली. "पाण्यात पडतील."

ढोल्याला हसू आवरेना. थोरल्याने चपला धरल्या.

होडी वळसा मारून आली आणि हाक उठली. धाकटी कशी ओढते ते थोरल्याने पहिल्यांदा पाहिलं. ती हात वापरतच नव्हती. टाचा रुतवून, कंबर टाकून, पाठ ताठ ठेवून ती एकेक पाऊल मागे यायची, आणि ढोल्याचं पाऊल बरोबर तिच्या पावलासोबत पडायचं. दोन्ही दोर चढत आले. घाम गळत होता, पाण्यातून जाळ्याच्या तरंगत्या बुचांची रांग जवळ येत होती, आणि पुढचे दोघे मांडीभर पाण्यात उतरून जाळ्याचा काठ खाली दाबत होते. थोरल्याला स्वस्थ बसवेना. एका हातात चपला धरून दुसऱ्या हाताने तो मागे साठणारा दोर गुंडाळायला लागला, म्हातारे करतात तसा.

"दादा," धाकटी मागे न बघता ओरडली, "पाय काढ दोरातून!"

त्याने खाली पाहिलं. पाऊल वेटोळ्यात होतं. अख्ख्या डाव्या दोराची ओढ हसण्याने क्षणभर ढिली पडली आणि म्होरक्याने सगळ्यांच्या सात पिढ्यांची आठवण काढली.

मासळी भरपूर निघाली. पहिल्या ओढीच्या मानाने चांगलीच. वाळूवर ढीग पडले आणि म्होरक्या एकेक जागा पुकारायला लागला. ज्याच्या कमरेला पट्टा, त्याच्या नावाने वाटा, ही इथली रीत. पहिली जागा झाली, दुसरी झाली. तिसरीची वेळ आली तेव्हा होडीशी टेकलेला बाप सवयीने उठायला लागला. थोरल्याचाही पाय पुढे पडला.

"धाकटी!" म्होरक्याने पुकारलं.

बाप तिथेच परत बसला आणि त्याने पाय लांब केले. धाकटी टोपली घेऊन पुढे गेली, गुडघे टेकून ढीग टोपलीत ओढला, आणि उठताना तिने आधी बापाकडे पाहिलं, मग भावाकडे. टोपली जड होती. थोरला मदतीला धावला तर तिने मानेनेच नाही म्हटलं आणि ती एकटीने डोक्यावर चढवली.

दुपारच्या गाडीला निघताना बापाने विचारलं, पुढच्या पहिल्या ओढीला येणार का. थोरल्याने तोंड उघडलं, धाकटीने कमरेवर हात ठेवले, आणि आईने पदर तोंडाला लावला.

"येईन," थोरला म्हणाला. "पोरीला आणि तिच्या आईला घेऊन येईन. चपला धरायला माणसं लागतील."

बापाने मान हलवली. मग त्याने चांगला हात पोराच्या सोललेल्या हातावर ठेवला, हलकेच, फोड दुखू नयेत असा, आणि गाडी येईपर्यंत तो काढला नाही.